स्त्री अभ्यास केंद्राला सल्ला कोण देतं?

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या स्त्री अभ्यास केंद्राने मला सल्लागार समितीवर घेतलं. पत्रात लिहिलं होतं, 'समाजातील मान्यवर (माध्यम प्रतिनिधी)'. खोटं कशाला बोलू, मीही जरा हुरळलो. बैठकीला गेलो तर संस्थाचालकांच्या सूनबाई, एक माजी नगराध्यक्षा, पतसंस्थेचे चेअरमन, एक डॉक्टर आणि मी. शाल, श्रीफळ, चहा. विषय दोन. मेंदी स्पर्धा कधी घ्यायची आणि ८ मार्चच्या पाककला स्पर्धेला परीक्षक कोण. पाऊण तासात इतिवृत्तावर सह्या करून मोकळे.

परत येताना पंचायत समितीसमोर अंगणवाडी सेविकांचं धरणं चालू होतं. त्यांच्या पुढारी बाईंना मी पंधरा वर्षं ओळखतो. त्यांनी शाल बघितली. "दादा, कुठं सत्कार झाला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बायकांच्या अभ्यासाची बैठक व्हय? मग आमचं काय ठरलं तिथं?"

मला काही बोलता आलं नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना. हा 'स्त्री अभ्यास' विद्यापीठात आला कुठून, त्याला सल्ला कुणी दिला, हे जमेल तसं वाचत गेलो. त्यातलं थोडं इथे मांडतो. मंडळी, पोस्ट लांबणार आहे.

सुरुवात १९७४ पासून करू. केंद्र सरकारने १९७१ साली स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली होती. फूलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. समिती राज्याराज्यांत फिरली, बायकांशी बोलली. तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीला तयार झाला. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. स्वातंत्र्यानंतर शिकल्यासवरलेल्या बायका पुढे जात होत्या, म्हणून सगळ्याच पुढे जातायत असा समज होता. तो या अहवालाने मोडला. समितीवरची काही माणसं स्वतः प्राध्यापक, अभ्यासक. आपण इतकी वर्षं शिकवत होतो आणि आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचा धक्का त्यांनाच बसला.

त्याच १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं केंद्र सुरू केलं. कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं हे विद्यापीठ. बायकांना शिकवायचं काम ते तेव्हापासूनच करत होतं. बायकांविषयी शिकायचं, हे मात्र नवीन होतं. नीराबेन १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या, म्हणजे रस्ता काय असतो हे त्यांना ठाऊक होतं.

आणि रस्त्यावर तेव्हा काय चालू होतं? शहादा भागात भिल्ल बायका गावोगावचे दारूचे गुत्ते फोडत होत्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढत होत्या. १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्तीची मोठी परिषद भरली. यातल्या कुणाला विद्यापीठाने सल्लागार म्हणून पत्र पाठवलेलं नव्हतं. सल्ला असा न मागताच येत होता.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सुप्रीम कोर्टाने पुढे त्या पोलिसांना सोडून दिलं. तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, म्हणजे उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्र विद्यापीठातून निघालं, पण ते उचललं बायकांच्या संघटनांनी. शहराशहरांत मोर्चे निघाले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. नुसतं पत्र असतं तर फायलीत पडलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९८१ साली एसएनडीटीतच स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद झाली. पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात हा विषय आला, यूजीसीने अनुदान द्यायला सुरुवात केली, आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं केंद्र निघालं. विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं २०१४ ला, म्हणजे केंद्राच्या कितीतरी नंतर.

नाव सावित्रीबाईंचं, पण आत कुणाच्या बायका? हा प्रश्न दलित बायकांनी विचारला आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्त्यांमधून फिरून आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधल्या. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. या दोघी काही विद्यापीठाच्या प्राध्यापक नव्हत्या. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद झाली होती, हजारो बायका जमल्या होत्या. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे त्या व्यासपीठावरून संततिनियमनावर बोलल्या होत्या. १९४२ साली! आमच्या समितीत आजही हा विषय निघाला तर चेअरमनसाहेब खाली बघतील.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि घरच्यांना न कळू देता वह्या लिहायच्या. वीस वर्षं त्या वह्या लपवून ठेवल्या होत्या. 'जिणं आमचं' १९८६ ला पुस्तकरूपात आलं. पेपरवाला म्हणून मला ते रद्दीचं फार लागतं. आपण छापतो ते दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं असं आम्ही हसत म्हणतो, पण तिथेही एक वाचक बसलेली होती.

मग १९९६ च्या डिसेंबरात चंद्रपूरला विकासवंचित दलित महिलांची परिषद झाली. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तो २५ डिसेंबर भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, हा विषय तिथून पुढे आला. पुण्याच्या केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, दलित स्त्रियांच्या भूमिकेतून स्त्रीवाद नव्याने मांडावा लागेल असा लेख लिहिला. आपल्यासारख्या सवर्ण अभ्यासकांनी या बायकांकडून शिकावं लागेल, ही कबुली त्यात होती. पुढे त्यांनी बेबीताई, शांताबाई कांबळे, मुक्ता सर्वगौड यांच्या आत्मकथनांवर पुस्तक केलं. चैत्यभूमीबाहेर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका, जलशांची गाणी, हेसुद्धा त्यांनी अभ्यासाचं साहित्य मानलं. २०१३ साली त्या अकाली गेल्या.

२०१७ ला पंचवार्षिक योजना संपल्या आणि देशभरातल्या या केंद्रांच्या अनुदानाचं काय, असा घोर लागला. पैसा आटला की संस्थाचालकांकडे बघावं लागतं, हे मला समजतं. सूनबाई समितीवर का आल्या तेही समजतं. पण त्या बदल्यात केंद्राने मेंदी स्पर्धा भरवावी?

गेल्या आठवड्यात प्राचार्यांना पत्र दिलं. माझी जागा अंगणवाडीच्या त्या बाईंना द्या आणि बैठक दुपारनंतर ठेवा, सकाळी त्यांची अंगणवाडी असते. प्राचार्य माणूस सज्जन. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "त्यांचं शिक्षण किती आहे हो?"

"दहावी," मी म्हटलं. बेबीताई चौथी शिकल्या होत्या, हे काही मला तेव्हा सुचलं नाही. म्हणून इथे लिहितोय, प्राचार्यही माझ्या यादीत आहेत.