हुजूर दफ्तर आणि फडणिशी

सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश झाला म्हणजे पुण्याच्या दरबाराचे हिशेबी वर्ष पालटत असे. शुहूर सनाच्या या वर्षाला लोक मृगसाल म्हणत. ज्या राज्याच्या जमेचा मोठा भाग शेतसाऱ्यातून यावयाचा, त्या राज्याने आपल्या जमाखर्चाचा आरंभ पावसाच्या आरंभाशी जोडून द्यावा, यात मला फार मोठा विवेक दिसतो. पेरणी व्हावयाची आहे, पाऊस कसा पडेल ते ठाऊक नाही, पीक हाती येण्यास अद्याप चारसहा महिने आहेत, आणि तरीही किल्ल्यावरच्या शिबंदीस पगार, देवस्थानास नेमणूक, ब्राह्मणास वर्षासन, फौजेस नालबंदी यांचा बंदोबस्त मात्र आजच करावयाचा आहे, अशा त्या अनिश्चित क्षणी राज्याचा अजमास बांधणारे कार्यालय म्हणजे हुजूर दफ्तर होय. मराठ्यांच्या लढायांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. परंतु त्या लढायांचा खर्च ज्या बैठकीवर बसून मांडला गेला, तिचा इतिहास त्या मानाने फारच उपेक्षित राहिला आहे.

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्चाचा अधिकार अमात्याकडे, म्हणजेच मुजुमदाराकडे होता, आणि फडणीस हा मूळचा त्याच्या हाताखालचा कामगार. पेशवाईत हा क्रम हळूहळू उलटला. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले, तेव्हा श्रीवर्धनचे भानू घराणे त्यांच्या आश्रयाने देशावर स्थिरावले होते. त्या घराण्यातील बाळाजी महादेव १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात पेशव्यांच्या सेवेत असतानाच प्राणास मुकले, आणि फडणिशी पुढे त्याच घराण्यात चालली. १७४९ च्या अखेरीस शाहू महाराजांचे देहावसान झाले, राज्यकारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्यास आले, आणि त्याबरोबर पेशव्यांच्या खाजगी दौलतीचा हिशेब ठेवणारे दफ्तर सगळ्या साम्राज्याचे दफ्तर होऊन बसले. कोणी हुकूम काढून फडणीसाला मुजुमदाराच्या वर बसविले असे नव्हे. कागद ज्याच्या हातून जातो त्याच्याकडे सत्ता आपोआप वाहत गेली.

या दफ्तराची रचना समजून घेण्याजोगी आहे. भरभराटीच्या काळात तेथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत. दफ्तराचे दोन मोठे भाग होते: चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर हे प्रत्यक्ष फडणीसाच्या नजरेखाली चाले. त्यात ‘फड’ म्हणून जी मुख्य शाखा होती, तेथून सनदा, हुकूम आणि नेमणुका सुटत, आणि दिवसभरात झालेला प्रत्येक व्यवहार रोजकीर्दीत नोंदला जाई. ‘बेहडा’ या शाखेत गावोगावचे, परगणोपरगण्यांचे आणि फडातले हिशेब एकत्र करून राज्याची अपेक्षित जमा, मंजूर खर्च आणि शिल्लक यांचा मेळ घालण्यात येई. आज ज्याला आपण अर्थसंकल्प म्हणतो त्याची जन्मभूमी महाराष्ट्रात शोधावयाची असेल तर ती या शाखेच्या बैठकीवर शोधावी लागेल. सरंजामाची शाखा निराळी. सरदारांना फौजेसाठी लावून दिलेल्या मुलखाचा हिशेब तिच्याकडे असे. एकबेरीज दफ्तर मात्र सदैव पुण्यातच राही. चालू वर्षाची घाई त्याला नव्हती. सर्व खात्यांचे कागद तेथे येऊन पडत, त्यांची वर्णानुक्रमाने खतावणी होई, आणि त्यावरून ‘तर्जुमा’ या नावाची सालवार गोषवाऱ्याची पत्रके तयार होत, म्हणजे अमुक बाबीवर अमुक साली काय खर्च झाला, हे विचारणाऱ्याला चार कारकून धुंडाळीत बसण्याचे कारण पडत नसे. चालू हुकुमाचे खाते आणि स्मरणाचे खाते निराळे असावे, एकाच्या घाईने दुसऱ्याचा घात होऊ नये, ही या विभागणीमागची दृष्टी आजच्याही कोणत्याही वित्त विभागाने वाखाणावी अशी आहे.

परंतु या यंत्रणेचे खरे सामर्थ्य पुण्यात बसून दिसत नाही. ते मामलतदाराच्या कचेरीत जाऊन पाहावे लागते. साल सुरू होताना मामलतदारास हुजुरातून त्याच्या सुभ्याचा बेहडा मिळे: वसूल इतका यावा, त्यातून अमुक किल्ल्यास, अमुक देवालयास, अमुक शिबंदीस इतके द्यावे, उरलेले सरकारात भरावे. यावर विसंबून सरकार स्वस्थ बसत नसे. येणाऱ्या वसुलापैकी काही भाग मामलतदाराने आगाऊच भरावयाचा, त्यास रसद म्हणत, आणि त्या रकमेवर त्याला व्याज मिळे. म्हणजे राज्याचे वर्ष पिकाच्या आधी सुरू होत असल्याने पडणारी खिंड मामलतदार आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले सावकार यांच्या पैशाने भरून निघे. या सोयीचे मोल रयतेच्या अंगावर पडे, हे उघड आहे. कारण ज्याने व्याजाने पैसा उभा केला, तो वसुलाच्या वेळी हात आखडणारा नव्हता.

मामलतदाराभोवती दरखदार म्हणून जे अधिकारी असत, ते त्याने नेमलेले नसत आणि त्याला काढताही येत नसत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, चिटणीस आणि सभासद असे हे आठ. त्यांचे दरख बहुधा वंशपरंपरेने चालत आणि त्यांची निष्ठा मामलतदाराशी नसून हुजुराशी असे. हिशेब आधी मुजुमदाराने पाहावयाचा, मग तो फडणीसाकडे जावयाचा. फडणीसाच्या रोजकीर्दीवरून दफ्तरदाराने खतावणी करून पुण्यास धाडावयाची. जमा आणि शिल्लक पोतनीसाने लिहावयाची, आणि नाणे खरे की खोटे हे पोतदाराने पारखावयाचे. खर्चाचा हुकूम देणारा, तो लिहिणारा आणि नाणे मोजणारा हे तीन वेगळे हात ठेवावयाचे, आणि त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या चुकीस साक्षी राहील अशी व्यवस्था करावयाची, ही गोष्ट आज आपण लेखापरीक्षा या भारदस्त नावाने करतो. अठराव्या शतकात ती मोडी लिपीत, बोरूने आणि मांडी घालून होत होती.

याहूनही सूक्ष्म अशी एक योजना होती. देशमुख आणि देशपांडे हे परगण्याचे वतनदार. सरकार बदलले तरी ते बदलत नसत. परगण्याच्या जमिनीचे आणि साऱ्याचे त्यांचे स्वतःचे दफ्तर असे. साल संपल्यावर मामलतदाराचा ताळेबंद हुजुरात आला म्हणजे तो या वतनदारांच्या कागदांशी ताडून पाहिल्याखेरीज मंजूर होत नसे. मामलतदाराने वसूल कमी दाखविला तर देशपांड्याचा कागद बोले. सरकारने वतनदारांना जो मान आणि जी वंशपरंपरा दिली होती, तिचा एक मोबदला हा होता की त्यांच्याकडून सरकारला स्वतंत्र साक्ष मिळत राही.

या सर्व चौकटीतूनही पैसा गळत होता. मामलतदार काही वसूल हिशेबाबाहेर ठेवीत, त्याला अंतस्थ म्हणत. आणि तो पचावा म्हणून पुण्यातल्या कामगारांना जे पोहोचवीत, ते दरबारखर्च या नावाने ओळखले जाई. हा प्रकार सर्वांना ठाऊक होता, इतका की इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात त्याची दखल घेतलेली आहे. साक्षी पुष्कळ असल्या तरी साक्षीदार एकमेकांशी संगनमत करू शकतात, आणि तेव्हा सर्व काही वरच्या माणसाच्या जाग्या नजरेवर येऊन ठेपते.

ती नजर बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस, यांची होती. नाना फडणीसांचा जन्म १७४२ चा. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले तेव्हा फडणिशी चौदा वर्षांच्या मुलाकडे आली. पानिपताहून ते १७६१ मध्ये जिवंत परतले, मातुःश्री मात्र परतल्या नाहीत. त्या पराभवानंतरचे राज्य कर्जाने वाकलेले होते. थोरल्या माधवरावांनी अकरा वर्षांच्या कारकीर्दीत ते सावरले, आणि मृत्यू समोर दिसत असताना केलेल्या व्यवस्थेतही त्यांनी कर्ज फेडण्याची चिंता वाहिली. अशा धन्याच्या हाताखाली नाना घडले. एका पैशाचीही नोंद चुकू नये, हा त्यांचा कटाक्ष केवळ स्वभावातून आलेला नव्हता. ऋणाने खचलेले राज्य त्यांनी ऐन तारुण्यात पाहिले होते.

नानांच्या थोरवीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. नारायणरावांच्या वधानंतर १७७४ मध्ये बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, आणि पुढे काही वर्षांत दौलतीचा कारभार बहुतांशी नानांच्याच हाती एकवटला. ज्याने खर्च तपासावयाचा तोच आता खर्चाचा हुकूम देऊ लागला. सुभ्यासुभ्यात मामलतदारावर जो पहारा होता, तो राज्याच्या माथ्यावर उरला नाही. नाना दक्ष आणि परिश्रमी होते, त्यामुळे पंचवीस वर्षे हा दोष झाकून राहिला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या कठोर परीक्षकानेही त्या काळच्या कारभाराची वाखाणणी केली, ती अनाठायी नाही. परंतु एका पुरुषाच्या गुणांनी भरून काढलेली उणीव त्या पुरुषाबरोबरच उघडी पडावयाची. नाना १३ मार्च १८०० रोजी गेले, आणि ती उघडी पडली.

दुसऱ्या बाजीरावांनी मुलूख मक्त्याने देण्याची पद्धत सर्रास स्वीकारली. जो अधिक बोली करील त्याला वर्षभरासाठी परगणा. मग त्याने रयतेकडून काय घ्यावे, याची विचारपूस नाही. मक्त्याची रक्कम एकदा ठरली म्हणजे अजमास कशाला, दरखदाराची साक्ष कशाला, देशपांड्याचा कागद तरी कशाला? बेहडा निरर्थक झाला आणि तो लिहिणारे कारकूनही ओझे झाले. दफ्तराचा सरंजाम जवळजवळ नाहीसा झाला, कागदांवर पहारा राहिला नाही, आणि ज्याला जो कागद हवा तो त्याने उचलून न्यावा इतकी हेळसांड झाली. खडकीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली. पण आपले उत्पन्न किती आणि खर्च किती हे विचारण्याचे राज्याने त्याआधीच सोडून दिले होते, आणि इतिहासात पराभवाची कारणे मोजताना या कारणाला मी खडकीच्या तोफांहून खाली बसवणार नाही.

इंग्रजांना मात्र या कागदांचे मोल तत्काळ कळले. एल्फिन्स्टनने मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याकडे दफ्तर सोपवून ते लावून घेतले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, आणि ज्या नोंदी राज्याच्या दानधर्माची साक्ष म्हणून लिहिल्या होत्या, त्याच नोंदी इनामदारांचे हक्क तपासण्यास, आणि पुष्कळांचे हिरावण्यास कामी आल्या. अखेरीस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात त्यांच्यासाठी दगडी इमारत उठली, आणि हजारो रुमालांत बांधलेले हे कागद आजही तेथे आहेत.

गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतून उतारे निवडले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९२९ नंतरच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. या दोघांचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये. परंतु निवड करणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे राजकारणाच्या पत्रांकडे अधिक वळली, आणि आकड्यांनी भरलेले बेहडे, ताळेबंद व तर्जुमे बहुतांशी रुमालातच राहिले. मोडी वाचता येणाऱ्या आणि हिशेबाची गोडी असणाऱ्या एखाद्या तरुणाने एकच परगणा घ्यावा, माधवरावांच्या कारकीर्दीपासून नानांच्या अखेरीपर्यंतचे त्याचे बेहडे आणि त्या त्या वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडावेत, दुष्काळाच्या साली अजमास किती चुकला, सूट किती पडली, रसदेचे व्याज कोणाच्या पदरी गेले आणि किल्ल्याची शिबंदी किती महिने पगारावाचून राहिली, ते ओळीने लिहून काढावे. या कामास काही वर्षे लागतील, पण त्यासाठी लागणारे कागद पुण्यातच आहेत.