घरातला फळा

गणिताची भीती शाळेत जन्मते, असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा तिचे मूळ घरी असते. येथे हैदराबादेत सहावीतल्या मुलांनाही आय.आय.टी.च्या पायाभरणी वर्गांत घालतात. दोन गुण कमी पडले की वडिलांचा पहिला प्रश्न, "हे दोन कुठे गेले?" असा मुलगा पुढे उत्तर येत असूनही वर्गात हात वर करीत नाही, हे आम्ही शिक्षक नित्य पाहतो.

यासंबंधात बनारसमधील एका मराठी घराची हकीकत ऐकण्याजोगी आहे. विष्णु वासुदेव नारळीकर हे तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. जयंत (जन्म १९३८) व अनंत या मुलांना मनसोक्त लिहिता यावे म्हणून त्यांनी घरात दोन फळे बसविले होते. पुढे मुलांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी या घरी राहावयास आले. हे मोरूमामा एका फळ्यावर जयंतासाठी आव्हान म्हणून प्रश्न लिहून ठेवीत. प्रश्न शालेय पाठ्यक्रमाच्या पलीकडचाही असे, आणि तो सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानीपर्यंत पुसला जात नसे. हार मानण्याचीही मुभा होती, हे मला विशेष वाटते. तेथे गुण नव्हते, निकालपत्र नव्हते. प्रश्न मात्र येताजाता डोळ्यांसमोर असे. जयंतराव १९५९ साली केंब्रिजला रँग्लर झाले. ते एका फळ्याच्या बळावर, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही.

"ते प्राध्यापकाचे घर, आम्हां कारकुनांचे काय?" असे कोणी विचारील. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे वडील कारकूनच होते. डहाणूस १९०५ साली जन्मलेला हा मुलगा आठ वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनीच त्याला वाढविले. वडिलांना फलज्योतिषाचा नाद. ज्योतिषाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यातली आकडेमोड खरी असते, आणि तिची गोडी मुलाला लागली. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तरकी करीत असताना कापरेकरांना ६१७४ या संख्येचे गुपित उमगले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे तेवढे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात वजाबाक्या लागतात. आरंभीची संख्या मात्र मुलालाच निवडू द्यावी.