ड्राइव्हच्या अक्षरांची कुळकथा

आमच्या कळमनुरीचा जिल्हा १ मे १९९९ रोजी बदलला. आदल्या रात्री गाव परभणी जिल्ह्यात निजले आणि सकाळी हिंगोली जिल्ह्यात उठले. कयाधू आपल्या पात्रातच होती, बाजार भरायचा तिथेच भरत होता, कोणाच्या घराची वीटही हलली नव्हती. बदलला तो पत्ता. (आमच्या आजोबांच्या पिढीने तर गाव न सोडता हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली!) परंतु पत्ता ही वस्तू एकाच ठिकाणी लिहिलेली कधीच नसते. मोटारींच्या पाट्यांवर एमएच २२ च्या जागी पुढे एमएच ३८ आले, तेही नव्या गाड्यांवर. जुन्या तशाच धावत राहिल्या. २००१ च्या जनगणनेत हिंगोलीला राज्यात सोळावा क्रमांक मिळाला आणि २०११ साली सबंध देशातील जिल्हे एका माळेत ओवले तेव्हा त्याच जिल्ह्याचा क्रमांक ५१२ झाला. पिन मात्र ४३१७०२ होता तो तसाच राहिला. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थळापुढे ‘जि. परभणी’ लिहिलेली शेकडो नावे आहेत. दाखला देताना आम्ही ती नोंद जशी आहे तशीच उतरवतो.

वाचक म्हणतील, या पुराणाचा संगणकाशी काय संबंध? तो असा. माझा एक जुना विद्यार्थी एका कार्यालयात डेटाबेसचा सर्व्हर सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात तेथे वरून हुकूम सुटला की, सर्व शाखांची माहिती यापुढे ‘डी’ऐवजी ‘ई’ या अक्षराखाली असावी. मला भेटायला आला तेव्हा त्याचे तोंड उतरलेले होते. “सर, अक्षर बदलायला दोन मिनिटं लागतात. पण बदललं की डेटाबेस उठायचाच नाही. साहेब म्हणतात, सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल करा.”

नव्याने, म्हणजे काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याचे अधिकार, रात्री आपोआप व्हायची कामे, हे सारे पुन्हा उभे करायचे. त्यात कोणाचा अधिकार निसटला किंवा एखादे काम गळाले, तर ते ध्यानी यायलाच सहा महिने जायचे, आणि तोवर कोणा गरिबाचा कागद अडून राहायचा. जिल्हा बदलला म्हणून कळमनुरी पाडून पुन्हा बांधा, असे १९९९ साली कोणी सुचवले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. संगणकाच्या बाबतीत मात्र असा सल्ला शहाणपणाचा म्हणून खपतो.

या अक्षरांचे कूळ शोधू लागलो तेव्हा मोठी गंमत वाटली. १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या केंद्रात, एक मोठे यंत्र अनेक माणसांना वाटून देण्याची युक्ती निघाली. प्रत्येकाला वाटावे की सारे यंत्र आपल्या एकट्याचे आहे. डिस्कचे लहान लहान वाटे करून ज्याचे त्याला देत, आणि तो आपापल्या वाट्याला एका अक्षराने हाक मारी. म्हणजे अक्षर हे जन्मापासूनच हाक मारण्याचे नाव. डिस्कच्या अंगावर ते कोरलेले नव्हते. १९७४ साली गॅरी किल्डॉलने छोट्या यंत्रांसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तीत त्याने ही चाल उचलली. फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह असले तर त्यांना ‘ए’ आणि ‘बी’, इतका साधा संसार. त्याच वळणावर सिॲटलच्या टिम पॅटरसनने १९८० मध्ये एक प्रणाली रचली, ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती जगभर गेली. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी यंत्रात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. पहिली दोन अक्षरे फ्लॉपींनी अडवलेली, म्हणून तिच्या वाट्याला ‘सी’ आले.

त्याच काळी दुसरे एक घराणे नांदत होते. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. तिच्यात अक्षरे नाहीतच. एक झाड, त्याला फांद्या. नवी डिस्क आणली की ती हव्या त्या फांदीला टांगायची. फाइलच्या पत्त्यावरून ती कोणत्या डिस्कवर आहे हे कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही. १९८३ च्या डॉसने युनिक्सच्या फांद्या घेतल्या, पण खोड एक न ठेवता प्रत्येक अक्षराचे वेगळे झाड लावले. माझ्या मते साऱ्या घोळाचे मूळ या अर्ध्या उसनवारीत आहे. २००० सालच्या विंडोजने डिस्क एखाद्या फोल्डरला टांगण्याची सोय दिली खरी, पण तोवर लोकांच्या हाताला अक्षरांची सवय जडली होती.

विंडोज स्वतः डिस्कला तिच्या अंगच्या खुणेने ओळखते आणि कोणत्या खुणेला कोणते अक्षर दिले ते आपल्या रजिस्ट्रीत टिपून ठेवते. ती चुकत नाही. फसतो तो ज्याने आपल्या वहीत नुसते अक्षर लिहून ठेवले तो. माझ्या विद्यार्थ्याच्या कार्यालयात होता एसक्यूएल सर्व्हर. सायबेस, ॲश्टन-टेट आणि मायक्रोसॉफ्ट अशा तिघांच्या भागीदारीतून १९८९ मध्ये तो प्रथम बाजारात आला. त्याच्यात ‘मास्टर’ नावाचा एक डेटाबेस असतो, त्याला तलाठ्याचे दप्तर म्हणा. बाकीच्या प्रत्येक डेटाबेसची फाइल कोणत्या पत्त्यावर आहे हे त्या दप्तरात लिहिलेले असते. आणि खुद्द दप्तर कुठे आहे? ते दप्तरात लिहून कसे भागेल! म्हणून तो पत्ता बाहेर, रजिस्ट्रीत, सर्व्हर सुरू करतानाच्या सूचनांमध्ये असतो.

एवढे उमगले की क्रम आपोआप सुचतो. आधी सगळ्याची बॅकअप प्रत दुसरीकडे ठेवायची. मग सर्व्हर चालू असतानाच मास्टरला प्रत्येक फाइलचा नवा पत्ता सांगायचा. तो तत्काळ लागू होत नाही, पुढच्या वेळी सुरू होताना लागू होतो. यात टेम्पडीबीला विसरून चालत नाही. ती कच्च्या कामाची पाटी, दर वेळी सुरुवातीला कोरी करून घेतली जाते; पण तिची जागाच सापडली नाही तर सर्व्हर उठायला नकार देतो. त्यानंतर रजिस्ट्रीतल्या सूचनांमध्ये खुद्द मास्टरचा आणि चुकांच्या नोंदवहीचा पत्ता बदलायचा, सर्व्हर थांबवायचा, डिस्कचे अक्षर बदलायचे, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. अट एकच, सर्व्हरचा कार्यक्रम स्वतः त्या डिस्कवर नसावा. आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्या अक्षराला तर हातच लावू नये. अक्षर आधीच बदलून बसले असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुने अक्षर तिला परत द्यायचे. लोकांना तो सुचत नाही याचे मला नवल वाटते.

त्या मुलाने एका रविवारी हे सारे केले. सर्व्हर पहिल्याच खेपेस उठला. राहिली ती किरकोळ पण चिवट ठिकाणे: रात्रीच्या बॅकअपच्या आज्ञेत ‘डी’ लिहिलेला होता, कोणा कारकुनाच्या जुन्या अहवालातही होता. ती पुढे पंधरा दिवस एकेक करून सापडत गेली. तो आता सापडतील तशी एका वहीत उतरवतो आहे.

त्याच्या नव्या यंत्राला फ्लॉपी नाही. आजकाल कोणत्याच यंत्राला नसते. तरीही पहिली डिस्क ‘सी’च म्हणवते. मी विचारले, “अरे, मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठं आहेत?” तो म्हणाला, “रिकामी आहेत, सर.”