भाषाकुळांच्या शास्त्राचं जन्मसाल

तुलनात्मक भाषाशास्त्राची जन्मतारीख पाठ्यपुस्तकांत ठरलेली आहे: २ फेब्रुवारी १७८६. त्या दिवशी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतलं साम्य योगायोगाचं नाही. तिन्ही एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आज उरलेलंही नसेल. विधान मोठंच होतं. पण शास्त्र तिथे जन्मलं, हे मला पटत नाही.

साम्य त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात दिसलं होतं. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये तिथे आले. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्यांनी १५८३ मध्ये भावाला कळवलं. गोव्यातच १५८८ साली वारलेला फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती याने तर इटालियन शब्दच जुळवून दाखवले: सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे, सर्प आणि सेर्पे. फ्रेंच जेझुइट केर्दू यांनी १७६७ मध्ये दक्षिण भारतातून पॅरिसच्या अकादमीला याच साम्याबद्दल टिपण पाठवलं, ते छापून निघालं १८०८ मध्ये. स्टीफन्स यांचं पत्र छापलं जायला विसावं शतक उजाडलं.

म्हणून मान स्टीफन्स यांना द्यावा का? गोव्याबद्दल कितीही आपुलकी असली तरी, नाही. साम्य दिसणं वेगळं आणि ते तपासता येणं वेगळं. जोन्स यांनी त्याच व्याख्यानात हिंदूंचं नातं इजिप्त, चीन, जपान, थेट पेरूपर्यंत नेऊन भिडवलं, कारण कसोटीच हाताशी नव्हती.

ती आणली फ्रान्झ बॉप यांनी, १८१६ मध्ये. त्यांनी सुटे शब्द न घेता क्रियापदांची रूपं शेजारी मांडली: संस्कृत अस्ति, ग्रीक एस्ति, लॅटिन एस्त, जर्मन इस्त. शब्द व्यापाराबरोबर सहज येतात. क्रियापद चालवण्याची अख्खी रीत सहसा कुणी उसनी घेत नाही. रास्क आणि ग्रिम यांनी पुढच्या सहा वर्षांत ध्वनिबदलांतली नियमितता दाखवली.

पण धातू आणि प्रत्यय असे सुटे करायला बॉप शिकले कुठे? विल्किन्स यांच्या १८०८ च्या संस्कृत व्याकरणासारख्या पुस्तकांतून, आणि ती उभी होती पाणिनीपासून चालत आलेल्या परंपरेवर. प्राकृताचा व्याकरणकार वररुची याने तर संस्कृत ध्वनी महाराष्ट्री प्राकृतात कसे बदलतात, याचे नियमच बांधले होते. आपल्याकडे कुणी ग्रीक-लॅटिन शेजारी ठेवली नाही, एवढंच राहिलं होतं.

जन्मसाल लिहायचंच तर १८१६ लिहावं, आणि त्याच ओळीत पाणिनीचं नाव घ्यावं. त्याच वर्षी मद्रासमध्ये फ्रान्सिस एलिस यांनी तमिळ, तेलुगू आणि कन्नड धातूंच्या याद्या शेजारी ठेवून या भाषांचं कुळ संस्कृतहून वेगळं असल्याचं दाखवलं होतं. त्याचं श्रेय गेलं १८५६ मध्ये आलेल्या कॉल्डवेल यांच्या पुस्तकाला.