खिळ्यांचें माप

पांचगणीहून पसरणीचा घाट उतरला म्हणजे वाई लागते. मराठी विश्वकोशाचें काम तेथें चालत आलें असून त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्यांत लांबी-उंचीचीं मापें मीटर-किलोमीटरांत आहेत. परंतु अशा ग्रंथाचें अक्षर केवढें, हें मुद्रकास विचारावें तर तो पॉइंटांतच सांगणार. १९५६ च्या कायद्यानें शेर, मण, गज बाजारांतून गेले. छापखान्यांतला पॉइंट मात्र जागचा हलला नाहीं.

यास केवळ सवयीचा हट्ट म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पूर्वीं टाइपाच्या आकारांस नुसतीं नांवें होतीं: पायका, ग्रेट प्रायमर वगैरे. एकाचा पायका दुसऱ्याशीं जुळेलच असें नव्हतें. पॅरिसच्या फूर्न्येनें १७३७ सालीं त्यांस प्रमाण लावून दिलें. पुढें दिदोनें पॉइंट फ्रेंच राजाच्या फुटाशीं बांधला. अमेरिकन ओतकारांनीं १८८६ सालीं पायक्याचे बारा पॉइंट ठरविले, आणि गंमत अशी कीं, ८३ पायका म्हणजे ३५ सेंटिमीटर असा त्याचा ताळा ठेवला!

आमच्या लिपीस हा हिशेब रोमनहून अधिक लागला. जावजी दादाजींनीं १८६४ सालीं मुंबईंत टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. देवनागरीचे टाइप दोन तऱ्हांचे. मात्रा-उकारांसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतलें तर तो अखंड. त्यास शेंकडों खिळे लागत. तीं चिन्हें निराळ्या खिळ्यांवर ओतून वर-खालीं बसविलीं तर ती डिग्री. डिग्रींत वरचा खिळा, अक्षराचा खिळा व खालचा खिळा यांची बेरीज नेमकी यावी लागे. नाहींतर ओळ ढिली पडे आणि जुळाऱ्याचे हाल होत.

पॉइंटावर आमचा आक्षेप निराळाच आहे. तो खिळ्याचें अंग मोजतो, अक्षर नव्हे. बारा पॉइंट म्हणजे सुमारें ४.२ मिलिमीटर. तेवढ्यांतच देवनागरीस वर वेलांटी-रफार व खालीं उकार सामावून घ्यावे लागतात. साहजिकच मधलें अक्षर आखूड होतें. इंग्रजी पुस्तकाचा आकडा मराठी क्रमिक पुस्तकास जसाच्या तसा लावला, तर ताण मुलाच्या डोळ्यांवर पडतो. संगणकानें पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग केला, जपाननें फोटोजुळणीसाठीं पाव मिलिमीटरचा एकांक घेतला. पण मोजलें जातें तें अंगच. क्रमिक पुस्तकें छापवून घेणारांनीं आकडा न विचारतां छापील पानावरचा काना शिरोरेघेपासून पायापर्यंत मिलिमीटरांत मोजून पाहावा.