ट्रॅव्हलरच्या बोनेटखालची जागा

१९४८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टात युद्धानंतरचे ब्रिटनचे पहिले मोठे मोटार प्रदर्शन भरले. मॉरिस मोटर्सने तिथे मांडलेल्या मायनर या छोट्या गाडीची बांधणी, सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळे नवे होते. बोनेट उघडले की मात्र जुनी ओळखीची वस्तू दिसे. मॉरिस एट या युद्धाआधीच्या गाडीचे ९१८ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन आत बसवले होते. त्याची ताकद जेमतेम साडेसत्तावीस अश्वशक्ती, आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस मोकळी जागा. ती जागा एका दुसऱ्याच इंजिनासाठी राखलेली होती, आणि ते इंजिन कधी आले नाही. पुढे याच गाडीची लाकडी चौकटीची स्टेशन वॅगन, म्हणजे मायनर ट्रॅव्हलर, हौशी मालकांच्या गॅरेजांत अधिक ताकदीची इंजिने मिळवत गेली. त्या इतिहासाची सुरुवात या रिकाम्या जागेपासून होते.

गाडीचा जनक ॲलेक इसिगोनिस. जन्म १९०६ चा, स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमिर इथला. १९३६ मध्ये तो मॉरिसमध्ये आला आणि युद्ध चालू असतानाच ‘मॉस्किटो’ या नावाने छोट्या गाडीचे काम सुरू झाले. चाके लहान, वजन पुढे झुकलेले, पुढच्या बाजूला टॉर्शन बार सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग. या मांडणीमुळे गाडी वळणावर रस्ता घट्ट धरून राही. इंजिनासाठी इसिगोनिसच्या मनात चार सिलिंडरचे आडवे, चपटे इंजिन होते: सिलिंडर दोन डावीकडे, दोन उजवीकडे. असे इंजिन बुटके असते, पण रुंद असते. म्हणून त्याने बोनेटखालची जागा रुंद आखली.

या इंजिनाच्या दोन आवृत्त्या ठरल्या होत्या, देशातल्या ग्राहकांसाठी लहान आणि निर्यातीसाठी मोठी. त्यामागे ब्रिटनचा कर होता. कित्येक वर्षे तिथला मोटार कर सिलिंडरच्या व्यासावरून आकारला जाई. कर वाचावा म्हणून कारखाने अरुंद सिलिंडरची, लांब स्ट्रोकची इंजिने बनवत, आणि ती चढणीवर चालत असली तरी वेगाने फिरायला नाखूष असत. १९४८ मध्ये हा कर जाऊन सर्व गाड्यांना सारखा कर लागला. दोन आवृत्त्यांचे कारणच उरले नाही. तोवर चपट्या इंजिनाचा खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले होते, शिवाय कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडीचे रूपही पसंत नव्हते. कारखान्यात तयार असलेले जुने इंजिन उचलले आणि बसवले.

रूपाच्या बाबतीत इसिगोनिसने अखेरच्या क्षणी एक धाडस केले. नमुना गाडी त्याला अरुंद वाटत होती. त्याने ती मधोमध उभी कापवली, दोन्ही अर्धे जमिनीवर ठेवून थोडे थोडे दूर सरकवत नेले आणि चार इंचांवर थांबला. मायनरच्या बोनेटवर मधून जाणारा उंच पट्टा ही त्या चार इंचांची खूण. बंपर आधीच तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना बंपर मध्ये कापून जोडपट्टी घालून लावावे लागले. गाडी रुंद झाली, रस्त्यावरची पकड आणखी पक्की झाली आणि बोनेटखाली आणखी जागा झाली.

ट्रॅव्हलर आली १९५३ मध्ये. पुढचा अर्धा भाग नेहमीच्या मायनरचा आणि मागे ॲश लाकडाची चौकट, त्यात ॲल्युमिनियमचे पत्रे, वर ॲल्युमिनियमचेच छप्पर. मागे कपाटासारखी उघडणारी दोन दारे आणि दुमडणारी सीट. हे लाकूड शोभेसाठी लावलेले नव्हते. मागच्या भागाचा भार तेच पेलते, म्हणून ते कुजले तर गाडीचा सांगाडाच दुबळा होतो. गावोगाव फिरणारे पशुवैद्य, बागकाम करणारे, कुत्री आणि मुले एकत्र घेऊन निघणारी कुटुंबे यांची ती लाडकी झाली. ब्रिटनच्या ओल्या हवेत लाकडाच्या खाचांत शेवाळ धरते, त्यामुळे मालकाला दरवर्षी व्हार्निशचा ब्रश हाती घ्यावा लागे.

मधल्या काळात १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन बनले होते. ऑस्टिनच्या ए-३० गाडीचे ८०३ सीसीचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन मायनरला मिळाले. हेच ते ‘ए सिरीज’ इंजिन. ट्रॅव्हलर जन्माला आली ती याच्यासह. गाडी साध्या मायनरपेक्षा जड, इंजिन ३० अश्वशक्तीचे, आणि ते गाडी ओढू शकावे म्हणून मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ५.२८६ ठेवलेले. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनच्या बाजूने शाफ्टला सव्वापाचपेक्षा जास्त फेरे मारावे लागत. चढ चढता येई, पण सपाट रस्त्यावर इंजिन सतत ओरडत राही.

कारखान्याने पुढे चूक सुधारत नेली. १९५६ मध्ये ९४८ सीसी आणि ३७ अश्वशक्ती, ॲक्सल ४.५५. १९६२ मध्ये १०९८ सीसी आणि ४८ अश्वशक्ती, ॲक्सल ४.२२, पुढचे ब्रेक ड्रम सात इंचांवरून आठ इंचांवर. प्रत्येक वाढ आवश्यक होती, कारण रस्ते बदलत होते. १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये एम-१ हा लांब पल्ल्याचा मोटरवे खुला झाला. १९६५ च्या अखेरीपर्यंत त्यावर वेगमर्यादाच नव्हती. गावरस्त्यासाठी आखलेली गाडी तिथे शेजारच्या लेनमधल्या गाड्यांना वाट देत कडेने चालू लागली.

मालक मात्र कारखान्याची वाट पाहत बसले नव्हते. सुरुवातीच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनासाठी रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जेफ्री टेलरच्या अल्टा कंपनीने ॲल्युमिनियमचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह हेड काढले होते. शोरॉक कंपनीचे सुपरचार्जर मिळत. ए सिरीज आल्यावर तर ट्यूनिंगचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. तिचे सिलिंडर हेड हॅरी वेस्लेक या जाणकाराच्या मदतीने आखलेले होते आणि त्यात सुधारणेला भरपूर वाव होता. सॉल्सबरीजवळच्या डाउनटन गावात डॅनियल रिचमंड हेडचे मार्ग घासून, आकार बदलून इंजिनातून जास्त ताकद काढी, आणि पुढे खुद्द ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने त्याचा सल्ला घेतला. १९५८ च्या आरएसी रॅलीत पॅट मॉस हिने मायनर १००० चालवून चौथा क्रमांक मिळवला. ही गाडी कुठवर जाऊ शकते, हे तिने सगळ्यांसमोर दाखवले.

मायनरचे खरे नशीब उघडले ते उत्पादन बंद झाल्यावर. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार होती, पण १९७० च्या अखेरीस सलून थांबली आणि १९७१ मध्ये ट्रॅव्हलरही. त्याच सुमारास १२७५ सीसीचे ए सिरीज इंजिन अनेक गाड्यांत बसत होते. १९६४ च्या मिनी कूपर एस मध्ये ते गाजले होते, मग एमजी मिजेट, ऑस्टिन १३०० आणि मॉरिस मरिना यांत आले. मिनीचे इंजिन आडवे बसते आणि गिअरबॉक्स त्याच्या खालीच तेलात असतो, म्हणून ते उचलून थेट ट्रॅव्हलरमध्ये ठेवता येत नाही. मिजेट आणि मरिनाचे इंजिन मात्र उभे, मागच्या चाकांना ताकद देणारे. मिजेटमध्ये त्याची ताकद सुमारे ६५ अश्वशक्ती होती. गंजलेल्या मरिना भंगारात जाऊ लागल्या तेव्हा त्यांची इंजिने स्वस्तात मिळत, आणि मायनरच्या रुंद बोनेटखाली ती ऐसपैस बसत.

मरिनाकडून आणखी एक देणगी मिळाली. तिचे पुढचे सस्पेन्शन मायनरच्याच टॉर्शन बार रचनेवर आधारलेले होते, त्यामुळे तिचे डिस्क ब्रेक थोड्या फेरफाराने मायनरला बसतात. आणि ब्रेक हीच पहिली पायरी आहे. जुन्या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या खाली असतो. तिथे पाणी, चिखल आणि गंज पोहोचतो. जाणकार मेकॅनिक आधी तो तपासतो, ब्रेक बदलतो आणि मगच इंजिनाकडे वळतो. पुढे क्रम ठरलेला आहे. जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सिंक्रोमेशशिवाय होता, चालत्या गाडीत तो घातला की दात कुरकुरत, म्हणून अनेक जण फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स बसवतात. ४.२२ चा डिफरन्शियल ठेवला तर नव्या इंजिनाची ताकद आवाजातच वाया जाते, म्हणून मिजेटचा ३.९ किंवा ३.७ चा घालतात. मग ट्रॅव्हलर मोटरवेवर ताशी शंभर किलोमीटरने शांतपणे चालते.

पुढचे धाडस करणारेही होते. फियाटचे दोन कॅमशाफ्टचे इंजिन १९८० च्या दशकात मायनरवाल्यांच्या आवडीचे झाले. काहींनी रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ घातले. मूळचे ब्यूईकचे, ॲल्युमिनियमचे असल्याने ते आकाराच्या मानाने हलके असते. पण तिथे ॲक्सल, चेसिसची मधली आडवी पट्टी आणि पुढच्या चाकाचे ट्रनियन यांना हात लावल्याशिवाय चालत नाही. ट्रनियन हा मायनरचा जुना दुबळा भाग आहे. त्याला वेळेवर ग्रीस दिले नाही तर चाक घडी पडल्यासारखे आडवे होते. जास्त ताकद आली की ही जुनी दुर्लक्षे उघडी पडतात.

१९७६ मध्ये बाथ शहरात चार्ल्स वेअर यांनी मायनरसाठी केंद्र सुरू केले. जुनी गाडी योग्य सुधारणा करून वर्षानुवर्षे वापरणे हे नवी घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि १९८२ च्या आपल्या पुस्तकात तो त्यांनी मांडला. म्हणजे इंजिन बदलणे ही केवळ वेगाची हौस नाही, ते गाडीचे आयुष्य वाढवण्याचे साधन आहे, हे ते सांगत होते. ब्रिटनच्या नोंदणी खात्याने बरीच वर्षे वापरलेल्या गुणपद्धतीतही हाच विचार दिसतो. फेरफार केलेल्या गाडीला मूळ नोंदणी क्रमांक राखायला आठ गुण लागत. त्यात मुख्य बांधणीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, तर इंजिनाला फक्त एक. मायनरची ओळख तिच्या बांधणीत आहे, असे खात्यानेही मानले. ट्रॅव्हलरच्या मालकासाठी त्यात लाकडी चौकटीची जबाबदारी येते. इंजिन कितीही नवे असो, चौकट कुजली असेल तर तपासणीत गाडी नापास होते.

भारतात या घराण्याचा वेगळाच प्रवास झाला. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सने मायनर ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने काढली होती. पण मोठी बहीण टिकली. मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेल्या ॲम्बेसडरच्या पुढच्या बाजूला तेच टॉर्शन बार आणि रॅक-पिनियन होते, आणि मुंबईच्या मंत्रालयासमोर लाल दिवा लावून उभ्या राहणाऱ्या गाड्या त्याच होत्या. ब्रिटनमध्ये जे काम मालकांना गॅरेजात करावे लागले, ते इथे कारखान्यानेच केले. सुरुवातीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन जाऊन १९५९ मध्ये १४८९ सीसीचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आले. पुढे डिझेल आले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि त्यासोबत पाच गिअरचा बॉक्स आला. बाहेरून गाडी तीच दिसे. गिअरचा दांडा मात्र स्टिअरिंगजवळून जमिनीवर आला होता. २०१३ मध्ये बीएस-४ दर्जाचे डिझेल इंजिन बसवलेली ‘एन्कोर’ बाजारात आली, आणि २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्यातले उत्पादन थांबले.