आरमाराचा राजपुत्र आणि उधारीचं सिंहासन



आज एका राजपुत्राची गोष्ट सांगणार आहोत. बाविसाव्या वर्षी तो एका मोठ्या साम्राज्याच्या आरमाराचा प्रमुख झाला, आणि पस्तिसावा वाढदिवस सतरा दिवसांवर असताना त्याला भिंतीपुढे उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. मधल्या काळात तो एका परक्या देशाचा बादशहाही झाला होता. गोष्ट लांबच्या मुलुखातली आहे. पण तिच्या मुळाशी एक कर्ज आहे, आणि कर्जाचं बोलणं आपल्याला कुठल्याही मुलुखातलं कळतं.

त्याचं नाव मॅक्सिमिलियन. जन्म ६ जुलै १८३२, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथला. थोरला भाऊ फ्रान्झ जोसेफ त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा. तो अठराव्या वर्षी सम्राट झाला. धाकट्याच्या वाट्याला काय? राजघराण्यात धाकट्या मुलाचं दुःख वेगळंच. खायला-ल्यायला सगळं, पण करायला काही नाही. याला मात्र समुद्राचं वेड होतं.

आज ऑस्ट्रियाला समुद्र नाही. तेव्हा मात्र साम्राज्य खाली एड्रियाटिक समुद्रापर्यंत पसरलं होतं. आता इटलीत असलेलं त्रिएस्ते बंदर आणि आता क्रोएशियात असलेलं पोला बंदर, दोन्ही त्यांचीच. पण दरबाराचं सगळं लक्ष पायदळ आणि घोडदळावर. आरमार म्हणजे घरातलं सावत्र लेकरू. १८५४ मध्ये ते मॅक्सिमिलियनच्या हाती आलं, आणि या माणसाने त्यात खरोखर जीव ओतला. पोला इथे आरमाराचा मोठा तळ आणि गोदी उभी राहिली. शिडाच्या जहाजांचे दिवस संपत आले हे त्याने ओळखलं. वाफेवर चालणाऱ्या जहाजांसाठी आणि पुढे लोखंडी पत्रा चढवलेल्या जहाजांसाठी तो पैसे मागत राहिला.

त्याच्याच पुढाकाराने ‘नोवारा’ नावाचं शिडाचं लढाऊ जहाज पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं, लढायला नाही तर शास्त्रज्ञांना घेऊन. निघाल्याची तारीख ३० एप्रिल १८५७. आपल्याकडे मेरठला उठाव झाला तो त्यानंतर दहाच दिवसांनी. १८५८ च्या सुरुवातीला हे जहाज मद्रासला आणि पुढे निकोबार बेटांवर येऊन गेलं. तेव्हा उत्तर हिंदुस्थान पेटलेला होता. १८५९ मध्ये नोवारा परत घरी पोचलं. या जहाजाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याच १८५७ साली त्याचं लग्न झालं. बेल्जियमच्या राजाची मुलगी शार्लट, वय सतरा. हुशार, अभ्यासू, आणि मनात मोठी आकांक्षा असलेली. त्रिएस्तेजवळ समुद्रात घुसलेल्या खडकावर मिरामार नावाचा पांढरा वाडा बांधून दोघं राहिली. उत्तर इटलीचा कारभार काही काळ त्याच्याकडे होता, पण १८५९ मध्ये भावाने तो काढून घेतला. मग तिशीच्या आत वाडा, बाग आणि रिकामा वेळ. माणूस अशा वेळी कुठल्या बोलण्याला भुलेल, काही सांगता येत नाही.

आता जाऊ मेक्सिकोत, अमेरिकेच्या दक्षिणेला. तिथले राष्ट्राध्यक्ष होते बेनितो हुआरेझ. झापोटेक या आदिवासी समाजातला माणूस, लहानपणीच आईवडील गेलेले, मेंढरं राखलेली, पुढे वकील झाला. यादवी युद्धाने देशाचा खजिना रिकामा झाला होता. १८६१ मध्ये हुआरेझने सांगितलं की परदेशी कर्जाची फेड दोन वर्षं थांबवतो. लगेच फ्रान्स, इंग्लंड आणि स्पेन वसुलीसाठी आरमारं घेऊन हजर झाले. इंग्लंड-स्पेन थोड्याच दिवसांत परतले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन मात्र थांबला, कारण त्याला वसुलीच्या आडून देशच हवा होता. ५ मे १८६२ ला पुएब्लाजवळ मेक्सिकन लोकांनी त्याच्या फौजेला हरवलं, तरी पुढल्या वर्षी फ्रेंचांनी राजधानी घेतली. मग गादीवर बसवायला एक चांगल्या घराण्यातला, रिकामा माणूस हवा होता.

ऑक्टोबर १८६३ मध्ये मेक्सिकोतले काही बडे लोक मिरामारला आले आणि म्हणाले, आमचे बादशहा व्हा. मॅक्सिमिलियनने विचारलं, लोकांची इच्छा आहे का? विचारलं हे बरं केलं. मग गावोगावच्या संमतीचे कागद गोळा झाले. पण कुठल्या गावांचे? जिथे फ्रेंच फौज बसलेली होती त्या गावांचे. बंदूकवाला दारात उभा असताना केलेल्या सहीला आम्ही तरी संमती म्हणणार नाही. त्याने मात्र मानली.

आणि मग खुद्द त्याची सही. १० एप्रिल १८६४ ला मिरामारला करार झाला. त्यात लिहिलं होतं की फ्रेंच फौजेने आजवर मेक्सिकोवर स्वारी केली, तिचा खर्च मेक्सिकोच देणार: २७ कोटी फ्रँक, व्याज शेकडा ३. शिवाय यापुढे जी फ्रेंच फौज तिथे राहील, तिच्या दर शिपायामागे वर्षाला १००० फ्रँक. पंचवीस हजार शिपाई धरा, म्हणजे वर्षाला अडीच कोटी. गादीवर बसण्याआधीच हे डोक्यावर. आपल्या घरावर चालून आलेल्याची मजुरी आपणच भरायची, असा हा हिशोब. त्याच्या आदल्या दिवशी भावाने दुसऱ्या कागदावर सही घेतली होती, की ऑस्ट्रियाच्या गादीवरचा हक्क सोडला. म्हणजे परतीचा दोरही कापलेला.

पुढे मेक्सिकोच्या नावाने पॅरिसमध्ये रोखे विकून आणखी पैसा उभा केला. ते रोखे घेणाऱ्यांत फ्रान्समधली साधी, थोडीथोडी बचत करणारी माणसंही होती. बादशाही बुडाल्यावर मेक्सिकोने ते कर्ज मानायला साफ नकार दिला.

नवराबायको निघाली ती नोवारावरूनच. वाटेत मॅक्सिमिलियन काय करत होता? दरबारात कुणी कुठे उभं राहायचं, कुणी किती वाकायचं, याच्या नियमांचं जाडजूड पुस्तक लिहीत होता. २८ मे १८६४ ला जहाज वेराक्रूझला लागलं. राजधानीतल्या वाड्यात पहिल्या रात्री इतके ढेकूण होते, की बादशहा बिलियर्डच्या टेबलावर झोपला, असं सांगतात.

माणूस मनाने दुष्ट नव्हता. १ नोव्हेंबर १८६५ चा त्याचा एक कायदा पाहा. तिथे मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर मजूर आगाऊ पैशांपायी पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले असत. ऊसतोडीची उचल ज्यांच्या घरात येते त्यांना हे वेगळं सांगायला नको. या कायद्याने मजुराला मारहाण करायला बंदी केली, कामाच्या तासांना मर्यादा घातली, मजुरी रोख द्यायला सांगितलं, बारा वर्षांखालच्या मुलांचं काम कमी केलं. काही हुकूम तर त्याने नाहुआत्ल या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतही छापले. ज्या जमीनदारांनी त्याला बोलावलं होतं, तेच यामुळे नाराज झाले. आणि कायदा बहुतेक कागदावरच राहिला.

पण त्याच्या आदल्याच महिन्यात, ३ ऑक्टोबरला, त्याने दुसरा हुकूम काढला होता. हत्यारबंद टोळीत सापडेल त्याला चोवीस तासांत ठार करा. त्याखाली कितीतरी माणसं मारली गेली. त्याच्या चांगुलपणाचं कौतुक करणारे हा हुकूम हळूच बाजूला ठेवतात. आम्हाला ते पटत नाही.

आणि एक गोष्ट, जी आयाबायांना लागेल. दोघांना मूल नव्हतं. मेक्सिकोच्या पूर्वीच्या एका बादशहाचा, इतुर्बिदेचा, दोन वर्षांचा नातू त्यांनी सप्टेंबर १८६५ मध्ये आपल्याकडे घेतला. घरच्यांना पैसे द्यायचं ठरलं, त्यांनी देश सोडायचा होता. मुलाची आई, अॅलिस ग्रीन, अमेरिकन होती. कागदावर तिचीही सही होती. पण थोड्याच दिवसांत तिने मूल परत मागितलं. तिला मूल नाही मिळालं. तिलाच देशाबाहेर काढलं. ती गप्प बसली नाही, दारोदार अर्ज करत राहिली. १८६७ मध्ये लेकरू तिच्याकडे परत आलं.

तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि अमेरिकेने फ्रान्सला दम दिला. १८६६ च्या जानेवारीत नेपोलियनने जाहीर केलं, फौज परत बोलावतो. नवरा दौऱ्यावर असताना शार्लटने मंत्र्यांच्या बैठका चालवल्या होत्या, फायली तिला माहीत होत्या. म्हणून बोलायला तीच निघाली. पॅरिसला नेपोलियनपुढे करार ठेवला; त्याने हात वर केले. रोमला पोपपुढे गेली, आणि तिथे तिचं मन तुटलं. सगळे आपल्याला विष घालणार असं तिला वाटू लागलं. ती परत मेक्सिकोला गेलीच नाही. वय होतं सव्वीस.

त्याच १८६६ च्या २० जुलैला, लिस्सा बेटाजवळ ऑस्ट्रियाच्या आरमाराने इटलीचा पराभव केला. इटलीची लोखंडी जहाजं बारा, यांची सात. ऑस्ट्रियाच्या सेनापतीने, टेगेटहोफने, आपलं जहाज सरळ शत्रूच्या मोठ्या जहाजावर घालून ते बुडवलं. त्या धडक देणाऱ्या जहाजाचं नाव होतं ‘आर्चड्यूक फर्डिनांड मॅक्स’, म्हणजे आपला मॅक्सिमिलियनच. त्याच्या हातून घडलेलं आरमार जिंकलं, तेव्हा तो हजारो कोस दूर, पगार भागवायला पैसे नाहीत अशा राज्यात बसला होता.

फ्रेंच गेले तेव्हा त्यालाही निघता आलं असतं. तो राहिला. केरेतारो शहरात वेढा पडला, १५ मे १८६७ ला तो पकडला गेला. युरोपातून दयेच्या विनंत्या आल्या. हुआरेझने मानल्या नाहीत. ज्यांना चोवीस तासांत मारलं गेलं त्यांच्यासाठी कुणी पत्रं लिहिली नव्हती. १९ जूनच्या सकाळी मॅक्सिमिलियनने गोळी घालणाऱ्या शिपायांना एकेक सोन्याचं नाणं दिलं आणि नेम छातीवर धरायला सांगितलं.

प्रेत न्यायला टेगेटहोफ आला, आणि जहाज आलं तेच, नोवारा. जानेवारी १८६८ मध्ये ते त्रिएस्तेला पोचलं.

शार्लट बेल्जियममध्ये एका वाड्यात राहिली, माणसांपासून दूर. पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं. तिचा नवरा, तिचे भाऊ, नेपोलियन, हुआरेझ, सगळे तिच्या आधी गेले. १९ जानेवारी १९२७ ला ती वारली तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती. मेक्सिकोत ती राहिली होती जेमतेम दोन वर्षं.